परतीची तारीख आणि परीक्षेची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात सुट्टीवर आलेल्या माणसाला दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. पहिला, "कधी आलास?" आणि त्याचे उत्तर पुरते कानावर पडण्याआधीच दुसरा, "मग जाणार कधी?" पूर्वी हे प्रश्न गणपतीला गावी येणाऱ्या गिरणीतल्या चाकरमान्याला विचारत असत, आता मस्कत, कुवेत, दम्मामहून येणाऱ्याला विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, आपणही दोन तारखा सांगून पुढे चालू लागतो. मला मात्र मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बावीस महिने, त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या काळात मी मुक्त विद्यापीठाचा वाणिज्य शाखेचा अभ्यास करत होतो. खरे सांगायचे, तर पहिले काही महिने मी तो करत असल्याचे केवळ लोकांना सांगत होतो. त्याविषयीच आज बोलणार आहे.

मी दापोली तालुक्यातला, केळशीच्या पंचक्रोशीतला. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर जुबैल नावाचे मोठे औद्योगिक शहर आहे, तिथल्या एका कंत्राटदार कंपनीत मी स्टोअरकीपर आहे. व्हॉल्व्ह, फ्लँज, गॅस्केट आणि हजारो बोल्ट यांची आवक-जावक लिहायची, कमी पडण्यापूर्वी मागणी नोंदवायची, आणि वर्षाच्या शेवटी रॅकवरचा माल व कागदावरचा माल जुळत नसला की त्याचा जबाब द्यायचा, हे माझे काम. बारावी झालेला असल्यामुळे माझ्या पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, हा शिक्का कधी लागला नाही. माझ्या चुलतभावाचे शिक्षण नववीत सुटले. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या माणसाला आखातासह ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचे तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या परवानगीसाठी त्याने मुंबईला घातलेले हेलपाटे मी जवळून पाहिले होते. ही तरतूद कमी शिकलेल्या कामगाराच्या संरक्षणासाठी आहे, हे मला मान्य आहे. तरी दहावीच्या एका गुणपत्रिकेने दोन भावांच्या वाटा विमानतळाआधीच वेगळ्या होतात, हे तेव्हा मनात बसले ते बसलेच. पुढे माझ्याही वाटेत अशीच एक गुणपत्रिका आडवी आली. आमच्या स्टोअरमध्ये वरची जागा रिकामी झाली, काम मला येत होते, पण त्या जागेला पदवी हवी होती.

म्हणून २०१९च्या सुट्टीत मी दापोलीच्या अभ्यासकेंद्रात जाऊन यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला प्रवेश घेतला. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. माझा एक मित्र दूरशिक्षणाने अभियांत्रिकीची पदवी घ्यायला निघाला होता, त्याला तिथेच कळले की अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, विधी, इतकेच काय हॉटेल मॅनेजमेंटसुद्धा, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार दूरशिक्षणाने शिकवता येत नाही. कोणी आपल्याला तसे आश्वासन देऊन पैसे मागत असेल, तर तिथूनच मागे फिरावे. परतताना विमानाच्या तीस किलोंच्या सामानात पुस्तके बसवायची, तर काहीतरी बाहेर काढावे लागणार होते. आईने आमसुले राहू दिली आणि कुळथाचे पीठ निम्मे केले. त्या निम्म्या पिठाचा विषय ती अजून काढते.

जुबैलला अभ्यास बरा चालला होता. एका खोलीत आम्ही चौघे, त्यामुळे शांतता नव्हती, पण शुक्रवार पक्का होता. मे महिन्यात पहिल्या वर्षाची परीक्षा, एप्रिलमध्ये बहिणीचे लग्न, असा हिशेब करून मी मार्चमध्ये दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो. पासपोर्टवर 'एक्झिट री-एंट्री', म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, खिशात इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, आणि परतीचे तिकीट काढलेले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ तारखेपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली आणि २५पासून देशच बंद झाला. लग्न पुढे गेले. आमच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षा न घेताच वरच्या वर्षात नेले. लोकांनी माझे अभिनंदन केले. मला मात्र ज्यासाठी आलो ते सगळेच हातातून निसटल्यासारखे वाटले.

आता आपल्याला वाटेल की नोकरी थांबलेली, घर आहे, वेळच वेळ आहे, मग अभ्यासाला आणखी काय हवे? मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात त्या एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडून एक धडाही पुरा झाला नाही. माझी बॅग माजघरातल्या बाजेखाली भरलेली असे. कंपनीचा फोन कधीही येईल, म्हणून कपडे बॅगेत, कागदपत्रे बॅगेत आणि पुस्तकेही बॅगेतच. एखादे पुस्तक बाहेर काढले, तरी दोन पाने वाचून ते पुन्हा कपड्यांवर ठेवीत असे. ७ मेपासून 'वंदे भारत' योजनेची विमाने आखातातून माणसे घेऊन येऊ लागली. तिकडून येणाऱ्यांची चर्चा टीव्हीवर दिवसभर चालायची, इकडून तिकडे जाणाऱ्यांविषयी कोणी अवाक्षर काढत नव्हते. मी दिवसातून दहा वेळा मोबाईलवर सौदीच्या बातम्या पाहत होतो. पुढच्या आठवड्यात निघायचे असताना आज धडा कशाला सुरू करायचा, हा विचार दर आठवड्याला नव्याने पटत असे.

बॅग शेवटी उघडली ती वादळामुळे. ३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले. आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात सुपारीच्या बागा काड्यांसारख्या मोडल्या. आमच्या घराची पश्चिमेकडची कौले दुपारपर्यंत उडाली आणि पाणी थेट बाजेवर, बाजेवरून बॅगेवर आले. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट काढून पाहिला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा होता. पुस्तकांना पिशवी नव्हती. वीज यायला कित्येक आठवडे लागणार होते आणि ऊन नव्हते, म्हणून बायकोने ती पुस्तके चुलीच्या वरच्या फळीवर पसरली. चार-पाच दिवसांनी ती सुकली, पण फुगून दुप्पट झाली, कडा पिवळ्या पडल्या आणि धुराचा वास कायमचा लागला. लेखाकर्माच्या पुस्तकातली घसाऱ्याच्या, म्हणजे वापराने वस्तूची किंमत कमी होत जाण्याच्या, उदाहरणांची पाने एकमेकांना चिकटली ती सुटेनात. ओढली असती तर अक्षरे उखडली असती.

त्या पानांसाठी मी अभ्यासकेंद्रातल्या सरांना फोन केला. त्यांनी विचारपूस केली, आणि मी माझे नेहमीचे रडगाणे सुरू केले, की सर, जायचे नक्की झाले की मग पुढचे ठरवतो. त्यावर ते म्हणाले, "तुमच्या कंपनीची तारीख मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही. स्वाध्याय जमा करण्याची तारीख मात्र मी आत्ता सांगतो, लिहून घ्या." मी लिहून घेतली. बोलणे एवढेच झाले, पण तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या हाताने घातलेले एक तरी वर्तुळ असे. परतीची तारीख अनेकांच्या हातात होती, दोन सरकारांच्या, विमान कंपन्यांच्या, आमच्या साहेबाच्या. त्या तारखेच्या खुंटीला मी अभ्यास टांगून ठेवला होता, तो काढून घेतला. रस्ते मोकळे झाल्यावर दापोलीला जाऊन सरांच्या प्रतीतली ती चार पाने मी व्हरांड्यात बसून हाताने उतरवून घेतली.

पैशांविषयीही बोलले पाहिजे, कारण अभ्यासाची बैठक पोटावर असते. पगार बंद होता. वादळानंतर पत्रे, खिळे, 'जे' हुक आणि कौले यांना इतकी मागणी आली, की आमच्याकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराला हिशेब लिहायला माणूस हवा झाला. सकाळी तिथे आणि दुपारनंतर अभ्यास, असा क्रम लागला. घसारा काढण्याची स्थिर हप्ता पद्धत आणि घटत्या शिल्लकेची पद्धत यांतला फरक मला पुस्तकाने सांगितला, पण पटला तो त्या दुकानातल्या जुन्या टेम्पोची किंमत मालकाने आणि मी वेगवेगळी लावली तेव्हा.

दरम्यान सौदीने इकामा आणि री-एंट्रीच्या मुदती अनेकदा आपणहून वाढवल्या, ही मोठीच सोय झाली. पण फेब्रुवारी २०२१मध्ये ज्या वीस देशांतून प्रवेश बंद केला, त्यांत भारत होता. तेव्हा एक नवाच धंदा सुरू झाला. तिसऱ्या देशात चौदा दिवस राहून पुढे सौदीला जाण्याचा. नेपाळ, मालदीव अशी नावे आमच्या नाक्यावर दापोली-खेडसारखी घेतली जाऊ लागली. मला एका एजंटाने सांगितलेला आकडा माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. गेले ते काही पोहोचले, काही मध्येच अडकले. मी गेलो नाही, यात शहाणपणापेक्षा खिसा रिकामा असण्याचा भाग अधिक होता. त्या जूनमध्ये परदेशी नोकरीला जाणाऱ्यांना लसीचा दुसरा डोस ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनी घेण्याची मुभा मिळाली. केंद्रावर मी ऑफर लेटर, व्हिसा आणि पासपोर्ट घेऊन गेलो, आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक नोंदवून घेतला.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा मोबाईलवरून, बहुपर्यायी प्रश्नांची आणि ऐन पावसाळ्यात झाली. आमच्या वाडीत रेंज नाही, रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर. तिथे झाड नाही, छप्पर नाही, आणि वारा असा की छत्री उलटी होते. म्हणून चुलतभावाची रिक्षा वर नेली, दोन्ही बाजूंचे रेक्झिनचे पडदे खाली बांधले आणि मागच्या सीटवर मांडी घालून मी पेपर दिला. भाऊ पुढे हँडलपाशी पाठ करून बसला होता. त्याने माझ्याकडे एकदाही वळून पाहिले नाही, जणू तोच पर्यवेक्षक होता. मधेच रेंज गेली की तो रिक्षा सुरू करून दहा हात पुढे घेई. एका पेपराला अशा चार जागा बदलल्या. निकाल चांगला लागला, पण त्याचे श्रेय बहुपर्यायी प्रश्नांनाही द्यायला हवे. ती परीक्षा सोपी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

१ डिसेंबर २०२१पासून सौदीने भारतातून थेट प्रवेश खुला केला आणि आठवडाभरात कंपनीचा फोन आला. ज्या फोनसाठी पावणेदोन वर्षे थांबलो, तो आला तेव्हा तिसऱ्या वर्षाची पुस्तके हातात पडून थोडेच दिवस झाले होते आणि परीक्षा उन्हाळ्यात होती. सहा महिने थांबू का, असा विचार मी घरात बोलून दाखवला. वडील काही बोलले नाहीत. बायको म्हणाली, "अहो, आता थांबलात, तर पुस्तकांची फी कुठून भरणार आहात?" जानेवारीत मी गेलो. त्या उन्हाळ्यातली परीक्षा अर्थातच बुडाली. परीक्षा केंद्र दापोलीला आणि मी जुबैलला. पुढच्या वर्षी साहेबाशी बोलून सुट्टी मे-जूनमध्ये घेतली, गणपती सोडले, आणि सगळे पेपर पंख्याखाली बसून, हाताने लिहून दिले. सलग तीन तास लिहिण्याची सवय गेलेली होती, पहिल्या पेपरला बोटे वळली.

परदेशात असलेल्या श्रोत्यांना इथे एक सूचना. प्रवेश घेण्यापूर्वी परीक्षा कुठे देता येते आणि नोंदणी किती वर्षे चालते, हे लेखी विचारून घ्या आणि सुट्टी त्याप्रमाणे मागा. पदवी हातात आल्यावर ती परदेशात दाखवायची, तर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि लागेल तिथे त्या देशाचा दूतावास यांच्याकडून साक्षांकन करावे लागते. दूरशिक्षणाची पदवी सगळेच नियोक्ते नियमित पदवीइतकी मानतात असे नाही, म्हणून ज्या जागेसाठी शिकायचे तिथे आधीच चौकशी करावी. माझ्या कंपनीने ती मान्य केली. वरची ती जागा तोवर भरली गेली होती, नंतर दुसरी रिकामी झाली तेव्हा मला मिळाली. पगारात फार फरक पडला असे नाही, पण आता माल जुळला नाही तर जबाब मी घेतो.

सध्या मी पुन्हा सुट्टीवर आहे आणि या वेळी परतीची तारीख नक्की आहे. यंदा बायकोने त्याच अभ्यासकेंद्रात बी.कॉम.चा अर्ज भरला. पुस्तके नवी आली आहेत, पण घसाऱ्याचा धडा ती माझ्या जुन्या, फुगलेल्या पुस्तकातून वाचते, कारण त्यात मी समासात उदाहरणे सोडवून ठेवली आहेत. परवा रात्री ती चिकटलेल्या पानांपाशी आली, तिथे खोचलेले माझ्या हस्ताक्षरातले कागद बाहेर काढले, दिव्याखाली धरले, आणि मला हाक मारून म्हणाली, "हे सात आहेत की एक?"

मी जाऊन पाहिले. मलाही सांगता येईना. शेवटी आम्ही दोघांनी ते उदाहरण पहिल्यापासून सोडवले. ते सात होते.