बेसी कोलमन: फाटक एकच हवं

हा बेसी कोलमनचा वैमानिकाचा परवाना. तारीख १५ जून १९२१. जन्मसाल १८९६ लिहिलंय, खरं १८९२. बेसी अमेरिकेतल्या टेक्सासची, पण हा परवाना तिला फ्रान्समध्ये मिळाला. तिच्या स्वतःच्या देशात तिला शिकवायला एकही विमानशाळा तयार नव्हती. एक तर बाई, त्यात कृष्णवर्णीय.

बालपण वॅक्सहॅची गावात, कापूस वेचण्यात गेलं. पुढे शिकागोत केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखं साफ करायचं काम. पहिल्या महायुद्धातून परतलेला भाऊ चिडवायचा, 'फ्रान्समधल्या बायका विमानं चालवतात, तुला काय जमणार!' बेसी इरेला पेटली. 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राच्या रॉबर्ट ॲबट यांनी सुचवलं, फ्रान्सलाच जा. ती फ्रेंच शिकली, पैसे जमवले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीत बसली.

फ्रान्समधलं ल क्रोतुआ गाव. कोद्रों बंधूंची विमानशाळा. दुपंखी न्यूपोर्ट विमान, हातात जाडजूड दांडा, पायाखाली सुकाणूची पट्टी. ब्रेक नाहीत. उतरल्यावर शेपटीखालचा टेकू जमिनीवर घासत जायचा, तेव्हा कुठे विमान थांबायचं. सोबतचा एक विद्यार्थी अपघातात गेला, तो तिच्या डोळ्यांदेखत. तरी ती मागे फिरली नाही.

३ सप्टेंबर १९२२ ला न्यूयॉर्कजवळ तिनं पहिला जाहीर कार्यक्रम केला. मग गावोगाव कसरती. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात विमान कोसळून पाय मोडला. बरी झाली, पुन्हा उडाली. तिला आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायची होती, पैसा त्यासाठी हवा होता.

तरीही वॅक्सहॅचीतल्या कार्यक्रमाच्या वेळी ती अडून बसली. 'गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरं असेल, तर मी उडणार नाही.' आयोजक नमले, फाटक एकच ठेवलं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. तिच्या सगळ्या कसरतींहून मला हे धाडस मोठं वाटतं.

३० एप्रिल १९२६, जॅक्सनव्हिल. दुसऱ्या दिवशी पॅराशूटनं उडी घ्यायची होती. जुनं जेनी विमान मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. वाकून खालची जागा पाहता यावी म्हणून बेसीनं पट्टा बांधला नव्हता. विमान एकाएकी उलटलं, ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. अवशेषांत, यंत्रात अडकलेला एक सुटा पाना सापडला.

बेसी ३४ वर्षांची होती. शाळा राहून गेली.

१९२९ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावानं विमान क्लब सुरू केला. तिथे कृष्णवर्णीय तरुण-तरुणी उडायला शिकू लागले.