बडगे, स्लिथीन आणि पंचेचाळीस सेकंद

(दृश्य: इतवारी, मारबतीची मिरवणूक, ढोलताशे, गर्दी)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात महाल-इतवारीकडं गाडी न्यायचा विचारसुद्धा करू नका राजेहो. काळी मारबत निघते, पिवळी मारबत निघते, आणि त्यांच्यासोबत बडगे. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं जुने लोक सांगतात. मारबतीला लोक हात जोडतात, पण बडग्याच्या वाट्याला फक्त शिव्या, कारण बडग्या म्हणजे त्या वर्षी पब्लिकचा ज्याच्यावर राग आहे तो. बांबू, कागद, चिंध्या, गळ्यात पाटी. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रस्त्यावरचे खड्डे, कधी एखादा नेता. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत न्यायचं अन् जाळून टाकायचं.

आता तोच बडग्या टीव्हीवर आणा, आणि त्याच्या आत कोणीतरी बसलेलं आहे असं समजा.

(दृश्य: खोलीत अंधार, टीव्हीचा निळा उजेड)

बीबीसीचं 'डॉक्टर हू', म्हणजे काळात आणि अंतराळात फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या एलियनची मालिका, १९६३ साली सुरू झालं, १९८९ ला बंद पडलं, आणि २००५ ला रसेल टी डेव्हिस यांनी ते पुन्हा उभं केलं. त्या पहिल्याच सीझनमधे दोन भागांची एक गोष्ट आहे, 'एलियन्स ऑफ लंडन' आणि 'वर्ल्ड वॉर थ्री'. एप्रिल २००५ मधे दाखवली, १६ आणि २३ तारखेला. आणि ५ मे ला ब्रिटनमधे निवडणूक होती, म्हणजे टायमिंग पाहा.

मी आणि माझा एक दोस्त हे परत पाहून राहिलो होतो. गोष्ट अशी की लंडनवर एक यान येतं, बिग बेनला धडकतं आणि थेम्स नदीत पडतं. सगळं जग टीव्हीला चिकटतं. यानात सापडतं काय तर एक डुक्कर, स्पेससूट घातलेलं, बिचारं घाबरून पळत सुटतं आणि एक सैनिक त्याला गोळी घालतो. खरे एलियन तर आधीच येऊन बसलेत, स्लिथीन नावाचं खानदान, मोठ्या देहाच्या साहेबलोकांना मारून त्यांची कातडी अंगावर चढवलेली, कपाळावर झिप. यान इथूनच उडवलं आणि इथंच पाडलं. म्हणजे खऱ्या एलियननं खोटा एलियन बनवला, काऊन, तर लोकांना घाबरायला डोळ्यासमोर काहीतरी लागतं.

आता पादण्याचं बोलून घेऊ, कारण या एपिसोडचं नाव काढलं की लोक तेच काढतात. एवढा मोठा एलियन माणसाच्या कातडीत कोंबला की गॅस होतो, आणि मंत्री, जनरल, सगळे मीटिंगमधे पादत असतात. पोरकट आहे, मान्य. दोस्त हसून हसून लोळला, मी पहिल्या दोन वेळा हसलो. रबरी सूटमधले स्लिथीन डुलत डुलत चालतात आणि कॉम्प्युटरवर काढलेले हरणासारखे पळतात, दोघं एकाच कुटुंबातले वाटतच नाहीत. पण खरी चपराक तिथं नाहीच आहे.

ती आहे ओळखपत्रात.

हॅरिएट जोन्स नावाची एक खासदार आहे, पेनेलोपी विल्टननं काय काम केलंय यार. मागच्या बाकावरची साधी बाई, गावाकडच्या छोट्या हॉस्पिटलांचा प्रस्ताव घेऊन पंतप्रधानांना भेटायला आलेली, आणि नेमकं त्याच दिवशी यान पडलं. दारातल्या प्रत्येकाला कार्ड काढून दाखवते, हॅरिएट जोन्स, खासदार, फ्लायडेल नॉर्थ. कोणी ढुंकून पाहत नाही. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सला फाईल घेऊन ज्यानं चकरा मारल्यात त्याला ही बाई सांगायची गरज नाही. तिकडं आतल्या हॉलमधे जगातले एलियन-एक्सपर्ट बोलावलेत, प्रत्येकाच्या छातीवर मस्त आयडी कार्ड. आणि एका बटणावर त्या कार्डांतूनच करंट सोडतात, सगळे जागच्या जागी खलास. डॉक्टर वाचतो कारण तो स्वतःच माणूस नाही. ज्यांचं कार्ड मानलं ते मेले, जिच्या कार्डाला कोणी विचारलं नाही ती जिवंत राहिली. हे मला पहिल्यांदा पाहताना दिसलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषण. जोसेफ ग्रीन, हंगामी पंतप्रधान, आतून स्लिथीन, डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या घराच्या, दारात उभा राहून जगाला सांगतो की आकाशात विनाशाची भयंकर शस्त्रं आहेत आणि पंचेचाळीस सेकंदात वापरता येतात, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी अणुबॉम्बचे कोड द्यावेत. सप्टेंबर २००२ मधे ब्रिटिश सरकारनं एक दस्तऐवज काढला होता, त्यात होतं की इराक पंचेचाळीस मिनिटांत शस्त्रं वापरू शकतो. मार्च २००३ ला युद्ध, आणि शस्त्रं काही सापडली नाहीत. डेव्हिसनी फक्त मिनिटांचे सेकंद केले बस, बाकी स्क्रिप्ट तयारच होती. नंतर २०१६ मधे या युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट अहवालानं सांगितलं की युद्ध हा त्यावेळी शेवटचा उपाय नव्हता.

आणि स्लिथीनना पृथ्वी जिंकायचीही नाहीये. ती जाळायची अन् तुकडे करून इंधन म्हणून विकायची. धंदा आहे बे, सरळ धंदा.

शेवट पटकन होतो. डॉक्टरसोबत फिरणारी पोरगी रोज, तिचा मित्र मिकी आणि तिची आई मिकीच्या किचनमधे व्हिनेगर, लोणच्यातले कांदे, काकड्या, अंडी, जे सापडेल ते एका भांड्यात ओततात, आणि समोरचा स्लिथीन त्यानं फुटतो, कारण त्याचं शरीर कॅल्शियमचं. मग मिकी घरूनच नौदलाचं मिसाईल डाउनिंग स्ट्रीटवर सोडतो, पासवर्ड 'बफेलो', आणि त्याचा हुकूम कोण देतं, तर हॅरिएट. खोलीत निवडून आलेली ती एकटीच असते ना.

(दृश्य: सावजीचं टेबल, रस्सा, दोघांचे हात)

भांडण पुढच्यावर झालं. डॉक्टरला आठवतं की ही बाई तीन टर्म पंतप्रधान राहणार, ब्रिटनचं सोनेरी युग आणणार. आणि २५ डिसेंबर २००५ च्या ख्रिसमस भागात ती पंतप्रधान असते, एलियनचं यान हरून परत जात असतं, आणि ती मागून ते उडवायला लावते. नवा डॉक्टर, म्हणजे तोच पण चेहरा बदललेला, भडकतो, तिच्या माणसाच्या कानात इंग्रजीतले सहा शब्द सांगतो, बाई थकल्यासारखी वाटत नाही का, आणि तिची खुर्ची जाते. दोस्त म्हणतो हॅरिएटचं बरोबर होतं, ते परत येणार नाहीत याची गॅरंटी कोण देणार. मला पाठीत वार केलेला पटत नाही, पण मी डॉक्टरच्याही बाजूनं नाही. पुरावा नाही, मतदान नाही, निवडून आलेल्या बाईबद्दल एक शंका सोडून दिली आणि लोकांनी ती उचलली, ग्रीननं दारात उभं राहून केलं तेच यानं हळू आवाजात केलं.