टी-पेशींच्या रक्तकर्करोगावर टी-पेशींचाच उतारा

श्रोतेहो, नमस्कार.

टी-पेशी, म्हणजे शरीराचे रक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. त्यांचा तीव्र ल्युकेमिया हा रक्ताचा विरळा कर्करोग मुख्यतः मुलांना आणि तरुणांना होतो. बहुतेक मुले केमोथेरपीने बरी होतात. पण आजार उलटला आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणालाही जुमानेनासा झाला, की डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

कार-टी उपचार, म्हणजे कर्करोगाच्या पेशी हेरतील अशा घडवलेल्या टी-पेशी औषध म्हणून देणे, आपल्याला आता नवा नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यताही मिळाली. तो मात्र बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगासाठी आहे. टी-पेशींच्या कर्करोगात पंचाईत अशी, की औषध म्हणून ज्या पेशी द्यायच्या, त्यांच्याच जातीच्या पेशींना रोग जडलेला असतो. दोन्हींच्या अंगावर सीडी७ हे प्रथिन असते. त्यावर नेम धरला, तर औषधी पेशी एकमेकींनाच मारू लागतात.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात प्राध्यापक वसीम कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग मला विलक्षण वाटतो. निरोगी दात्याच्या टी-पेशी घेऊन, डीएनएचा दुपदरी धागा न तोडता, त्याच्या रासायनिक अक्षरांपैकी ठरावीक जागचे ‘सी’ हे अक्षर बदलून तिथे ‘टी’ आणायचे. एवढ्याने त्या जागचे जनुक मुके होते, म्हणजे त्याचे प्रथिन बनत नाही. अशा रीतीने पेशींचा मूळ ग्राहक, म्हणजे लक्ष्य ओळखणारे पृष्ठभागावरचे प्रथिन, काढला, म्हणजे त्या रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. सीडी७ काढले, म्हणजे आपसांत लढत नाहीत. आणि सीडी५२ हे आणखी एक प्रथिन काढले, म्हणजे त्यावर नेम धरून रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या प्रतिपिंड औषधातून वाचतात. मग सीडी७ हेरणारा नवा ग्राहक त्यांच्यावर बसवला जातो.

२०२२ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीला या पेशींचा एकच डोस दिला गेला. अठ्ठावीस दिवसांत, सूक्ष्म रेणवीय तपासणीतही तिचा रोग सापडेना.

पण या पेशी निरोगी टी-पेशींनाही सोडत नाहीत. पुढच्या प्रत्यारोपणातून नवी प्रतिकारशक्ती उभी राहीपर्यंत रुग्ण जवळजवळ उघडा पडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात तीन मुले होती. त्या मुलीला तिच्या पूर्वीच्याच दात्याच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी पुन्हा मिळाल्या आणि तिची प्रतिकारशक्ती परतली. आणखी एक मूल रोगमुक्त अवस्थेत प्रत्यारोपणापर्यंत पोहोचले. तिसरे बुरशीच्या संसर्गाने दगावले. अहवालाने हेही लपवले नाही, आणि पुढच्या मुलाच्या आईवडिलांकडून संमती घेताना त्यांना हे सांगावेच लागते.