आवाज बंद झाल्यावर

(अमळनेर येथे अहिराणी लघुपट करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रावेर-यावलकडं केळीला रात्रीचं पाणी द्यायला गेलेला माणूस अंधाराला भीत नाही. विहिरीवरची मोटर घरघरत असते, तोवर तिची सोबत असते. मग लाईट जाते, मोटर थांबते आणि आपल्याच पायाखालची वाळलेली पानं ऐकू येऊ लागतात. तोंडातून आपोआप निघतं, ‘कोन शे रे?’ उत्तर येत नाही. आज आपण जो चित्रपट बघणार आहोत, त्यातली भीती या क्षणाची आहे.

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, साल १९६२. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी हर्क हार्वी हा माणूस सेंट्रॉन नावाच्या कंपनीत शाळांसाठी, कारखान्यांसाठी माहितीपट बनवायचा. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीने परतताना युटामधल्या खाऱ्या सरोवराच्या काठी त्याला एक ओस इमारत दिसली. सॉल्टएअर तिचं नाव. १८९३ साली तिथे पहिल्यांदा विहारस्थळ उभं राहिलं, १९२५ मध्ये ते जळालं, पुन्हा बांधलं गेलं आणि १९५८ नंतर बंदच पडलं. हार्वीने आपला सहकारी जॉन क्लिफर्डला गोष्ट लिहायला सांगितलं. अट एकच होती: शेवटी तिथल्या नाचघरात मेलेली माणसं नाचली पाहिजेत.

आधी जागा सापडली, गोष्ट मागून आली. हे मी अमळनेरात मुद्दाम सांगतोय. इथली, धुळ्याची, जळगावची, चाळीसगावची गिरणी ज्यांनी चालू पाहिली, त्यांना भोंगा बंद झाल्यानंतरची ती भिंत कशी दिसते ते विचारा. आपल्या पोरांच्या भयपटात मात्र मोकळ्या केसांची बाई आणि पांढरी साडी येते. आपल्याला खरोखर कशाची धास्ती वाटते, हे आपण कुणाला विचारतच नाही.

चित्रपटाला खर्च आला सुमारे ३३ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दीड लाखाच्या आसपास रुपये. गावातल्याच व्यापाऱ्यांनी पैसे घातले. तीन आठवडे चित्रीकरण, मोजकी माणसं, भुताच्या भूमिकेत दिग्दर्शक स्वतः. हे ऐकून कुणी ‘आपल्याकडंही पैसे नाहीत, म्हणजे आपलंही जमेल’ असं समजू नये. हार्वीने त्याआधी वर्षानुवर्षं कॅमेरा हाताळला होता. पैसा कमी होता, कसब कमी नव्हतं.

मेरी हेन्री ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मुलगी. गाडी पुलावरून नदीत कोसळते आणि काही तासांनी ती एकटीच वाळूवर चालत वर येते. नव्या गावी नोकरीला जाते, तिथे एक पांढरट चेहरा तिच्या मागे लागतो. तो चेहरा मला फारसा घाबरवत नाही, रंगरंगोटी कळते. अंगावर काटा येतो तो दुकानातल्या प्रसंगात. मेरी कपडे घालून बघते आणि अचानक जगाचा आवाज जातो. ती बोलते, पण विक्रेतीला ती दिसतही नाही, ऐकूही येत नाही. या प्रसंगाला वेगळा खर्च कसला? ध्वनिपट्टीवरचा बाजाराचा गलबला फक्त काढून घेतलाय. एरवी संगीतकार जीन मूरचा ऑर्गन सतत घुमत राहतो, म्हणून ती शांतता इतकी जड वाटते. तुमच्या लघुपटांत पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत संगीत वाजत असतं. मग शांतता आणणार कुठून?

प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाबद्दल फारसं कुणी ऐकलं नाही. वितरकाने काही मिनिटं कापली आणि दुसऱ्या भयपटाच्या जोडीला लावून तो ड्राइव्ह-इन थिएटरांत पाठवला. ती वितरण कंपनीही पुढे बुडाली. समीक्षकांनी झिडकारला असं म्हणायला आधी त्यांनी तो नीट बघायला हवा होता. प्रतींवर स्वामित्वहक्काची नोंद नव्हती, म्हणजे तो कुणालाही फुकट दाखवता यायचा, त्यामुळे टीव्हीवर रात्री-अपरात्री तो लागत राहिला आणि जागी असलेली माणसं तो बघत राहिली. १९८९ मध्ये, तब्बल २७ वर्षांनी, तो पुन्हा थिएटरात आला. रॉजर ईबर्टसारख्या मोठ्या समीक्षकाने तेव्हा त्याच्या कृष्णधवल छायाचित्रणाचं आणि वातावरणाचं कौतुक केलं. हार्वीने ते दिवस पाहिले, १९९६ साली तो गेला. मात्र त्याच्या हातून दुसरा कथापट झाला नाही, आणि याची मला फार हळहळ वाटते.

शेवट आधीच ओळखता येतो, असा एक आक्षेप आजही घेतात. तुमच्यातले बरेच जण अर्ध्यात ओळखतीलही. पण कोडं सोडवण्यासाठी हा चित्रपट बघू नका. मेरी राहते त्या घरातला शेजारी भाडेकरू, डॉक्टर, धर्मगुरू, प्रत्येक पुरुष मेरीला तिचं काय चुकतंय ते सांगतो. ती काय सांगतेय ते कुणी ऐकत नाही. आवाज जाण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यात आधीपासूनच चालू होता, असं मला दर वेळी वाटतं.

आता सभागृहातले पंखे बंद करायला सांगतो. मे महिना आहे, उकडेल. पण पंख्यांच्या घरघरीत तो दुकानातला प्रसंग हरवून जाईल.