काठावर कोण उभे आहे?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या लहानपणी यातले काहीही नव्हते आणि तरीही आमचे काही बिघडले नाही, हे वाक्य साठी ओलांडलेल्या नाशिककरांच्या बैठकीत हटकून ऐकू येते. मीही ते म्हणतो आणि म्हणताना मला बरेही वाटते. आज मात्र त्या वाक्याची थोडी उलटतपासणी करावी, असे मनात आहे.

१९७० च्या दशकातल्या जुन्या नाशकात शाळा सुटली की दप्तर कोनाड्यात भिरकावून मुले वाड्याबाहेर पडत आणि दिवेलागणीला परवचा म्हणायला घरी उगवत. मधल्या वेळात ती नेमकी कुठे असत, हे आईला ठाऊक नसे. तासाच्या भाड्याने मिळणारी मोठ्यांची सायकल, सीटवर बसून पाय पोचत नसल्यामुळे, दांड्याखालून पाय घालून तिरकी चालवली जाई आणि तशीच ती सोमेश्वरपर्यंत नेली जाई. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चांगल्या बांधलेल्या असतानाही डोंगराच्या आडवाटेने चढण्यातच पुरुषार्थ मानला जाई. संक्रांत जवळ आली की काचा कुटून, सरस शिजवून मांजा सुतायचा आणि चिरलेल्या बोटांनिशीच आसारी फिरवायची, हा तर घरोघरचा कार्यक्रम होता. थर्मामीटर फुटला तर घरात मोठी माणसे हळहळत आणि मुलांना आनंद होई, कारण त्यातला पारा तळहातावर घरंगळवत बसता येई. त्या पाऱ्याची वाफ विषारी असते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. सांगणाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक नसावे.

या सगळ्याच्या वर होती गंगा, म्हणजे आमची गोदावरी. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून थोरला भाऊ किंवा एखादा काका मुलाला पाण्यात लोटून देई आणि हातपाय मारता यायला लागले की तो डबा सोडून घेई. पोहणे एकदा अंगात मुरले, की पुढची इयत्ता म्हणजे पुराच्या पाण्यात होळकर पुलावरून उडी. त्या उडीचे कौतुक गल्लीत महिनाभर पुरत असे.

इतके सांगून थांबलो तर ते दिवस निव्वळ बेफिकीर वाटतील, आणि तसे ते नव्हते. पावसाळ्यात पाणी कुठवर चढले आहे, हे पाहायला घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती होती. पाणी त्याच्या पायाशी आहे, कमरेला लागले आहे की गळ्याशी आले आहे, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचे की नाही ते ठरवत, आणि मुलांना घाटावर पाठवायचे की नाही, हेही घराघरांत त्यावरूनच ठरे. १९६९ चा महापूर पाहिलेली पिढी तेव्हा घराघरांत होती आणि पाणी कुठवर चढले होते हे सांगायला नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे बोट दाखवून ती पाण्याची दहशत मुलांच्या मनात व्यवस्थित बसवत असे. शिवाय घाटावर उपाध्ये होते, फुलवाले होते, कपडे धुणाऱ्या बायका होत्या. नको त्या वेळी नको त्या जागी पाण्यात उतरलेल्या मुलाला यांपैकी कोणीही कानशिलात लगावू शके, आणि मुलगा घरी पोचण्याआधी ती बातमी घरी पोचलेली असे. आईला चिंता नव्हती, कारण तिच्या वाट्याची चिंता अर्धी गल्ली वाहत होती.

तरीही सगळ्यांवर नजर पुरत नसे. गंगेने दर काही वर्षांनी एखादा मुलगा नेलाच, आणि अशा घरातली माणसे आमच्या आठवणींच्या मैफलीत सहसा बसत नाहीत. याबाबतीत मी स्मरणापेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवतो. आपल्या देशात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. २०२० साली ही संख्या २८ वर आली आणि महाराष्ट्रात तर १६ वर. देवीचे व्रण असलेले चेहरे आणि पोलिओने लुळे पडलेले पाय आमच्या वर्गात होते, आज ते कुठल्याही वर्गात दिसत नाहीत. लस, स्वच्छ पाणी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांची खबरदारी ज्याला अतिरेक वाटते, त्याच्या स्मरणरंजनाशी मला काही देणेघेणे नाही.

रस्त्याचा प्रश्नही तसाच. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर गेली. ज्या रस्त्यावर आम्ही तिरकी सायकल शिकलो, तिथे आज मोठी माणसेही जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शहरात ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम सुरू झाली, तेव्हा माझ्या वयाच्या अनेकांनी नाके मुरडली. मला मात्र बजाजच्या स्कूटरवर पुढे उभे राहून वडिलांबरोबर केलेल्या प्रवासाची आठवण होऊन अंगावर काटा आला.

मग हळहळ कशाची वाटते? वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या आणि मुलावर लक्ष ठेवणारे डोळे दोनच उरले, तेही नोकरीवरून दमून आलेले. दुसऱ्याच्या मुलाला रागावण्याची आज कोणाची छाती होत नाही आणि झाली तर तंटा होतो. अशा आईबापांनी मुलाला खाली एकटे सोडू नये, यात त्यांचा भित्रेपणा मला दिसत नाही. गल्लीने आपले काम सोडले आणि ते सगळे त्यांच्या अंगावर पडले, एवढेच.

जुन्या व्यवस्थेचा एक नमुना नाशकात अजून शाबूत आहे. रंगपंचमीला तिवंध्यात, दिल्ली दरवाजाला, शनिचौकात पेशवेकालीन रहाडी उघडतात. वर्षभर झाकून ठेवलेला तो खोल हौद, प्रत्येकाचा ठरलेला रंग, आधी पूजा आणि मग धप्पा. गर्दीत, रंगीत पाण्यात, तळ दिसत नसताना उडी मारणे हा धोकाच आहे. पण तिथे मानकरी असतात, तालमीतली जाणती पोरे काठावर उभी असतात आणि खाली गेलेला वर आला की नाही, हे ती बघतात. सण आटोपला की रहाड पुन्हा बंद होते.

माझ्या नातवाला रहाडीत उडी मारू द्यायची की नाही, यावर आमच्या घरी दर फाल्गुनात वाद होतो. तो सावरकर जलतरण तलावावर रीतसर पोहायला शिकला आहे आणि त्याच्या वयात मी पोहत होतो त्यापेक्षा नक्कीच चांगला पोहतो. सूनबाईंनी यंदा होकार दिला आहे. अट एकच, आजोबांनी काठावर उभे राहायचे आणि शेजारच्या तिन्ही घरांतल्या मुलांवरही लक्ष ठेवायचे. मी ती मान्य केली आहे.