शेऱ्याऐवजी कार्ड

मंडळी, एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं आणि घाईला आवर घालणं अवघड जाणं) असलेल्या मुलाची शाळेची डायरी उघडून पाहा. ‘वर्गात गडबड करतो.’ ‘लक्ष देत नाही.’ ‘पालकांनी भेटावे.’ वर्षभर हेच. बाईंचा वैताग त्यातून कळतो. पण कुठल्या तासाला बिनसलं, त्याआधी काय झालं होतं, ते कळत नाही. संध्याकाळी आई सही करते आणि मुलाला पुन्हा बोलणी बसतात.

निदान डॉक्टरांनी करायचं. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासूनची हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. एकाच बाईंच्या तासाला दंगा करणाऱ्या मुलाला लगेच हे नाव देऊ नका. आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी? ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सुटून जाते.

डायरीतल्या शेऱ्याऐवजी रोजचं एक कार्ड करा. त्यावर तीन-चारच गोष्टी, आणि त्या डोळ्यांना दिसणाऱ्या. ‘नीट वागला’ चालणार नाही. ‘गृहपाठ फळ्यावरून उतरवून घेतला’, ‘बोलण्याआधी हात वर केला’ हे चालेल. प्रत्येक तासाच्या शेवटी हो किंवा नाही, बस्स. साठ मुलांच्या वर्गातही एवढं जमतं. सुरुवातीला अपेक्षा इतकी कमी ठेवा, की बहुतेक दिवशी मूल जिंकेल. मग हळूहळू वाढवा. बक्षीस घरी, त्याच संध्याकाळी: बाबांबरोबर कॅरमचा एक डाव, थोडा जास्त वेळ खेळ. ‘वार्षिक परीक्षेत चांगले गुण आण, सायकल घेऊ’ याचा या मुलांवर फारसा परिणाम होत नाही, इतक्या लांबचं त्यांना धरून ठेवत नाही. ‘नाही’ जास्त आले तर त्या दिवशी बक्षीस नाही, एवढंच. वर व्याख्यान नको. ते मी देतेच आहे.

कार्डं साठली की दिसायला लागतं: भांडणं ऑफ तासाला किंवा जिन्यावरच्या रांगेत होतात, लिखाण शेवटच्या दोन तासांत कोसळतं. मग उपाय सुचतात. बाक दारापासून लांब, बाईंच्या जवळ. सूचना एका वेळी एकच. दहा गणितांऐवजी पाच. मध्येच वह्या वाटायचं काम, म्हणजे हक्काने उठता येतं.

पीटीचा तास किंवा मधली सुट्टी मात्र शिक्षा म्हणून कापू नका. ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच ती काढून घ्यायची, हा कुठला न्याय? मारणं आणि मानसिक छळ यांना तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नेच बंदी आहे.

पालकांनी आणखी एक लक्षात ठेवा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, आहे. वाचन-लेखनही अडत असेल तर त्याची वेगळी तपासणी करून घ्या. परीक्षेतल्या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं.

औषधाला घाबरून पळू नका, आणि स्वतःहून सुरू किंवा बंदही करू नका. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण, मुलाला कसं हाताळायचं याचं. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध दिलं असेल तर साध्या गोळीचा परिणाम काही तासच टिकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ही कार्डं घेऊन जा. दुपारनंतरच्या रकान्यांत सगळे ‘नाही’ दिसले, तर डोस आणि वेळेबद्दल त्यांना नेमकं विचारता येईल.