लहरी पोचल्या, संच पोचले नाहीत

(दृश्य : उत्तर नॉर्वेचा बर्फाळ किनारा, डोंगरमाथ्यावर प्रक्षेपण मनोरा)

११ जानेवारी २०१७. नॉर्वेच्या नूरलान परगण्यात सकाळी ११ वाजून ११ मिनिटं आणि ११ सेकंदांनी एफएमवरची सरकारी वाहिनी बंद झाली. वर्षभर एकेक भाग करत १३ डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम साऱ्या देशात थांबलं आणि त्या डिजिटल रेडिओवर गेल्या. असं पाऊल उचलणारा हा जगातला पहिला देश. एफएमवर राहिली ती छोटी स्थानिक केंद्रं तेवढी.

नॉर्वेला एवढी घाई का? नकाशा बघा. उंच डोंगर, त्यांत घुसलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, आणि दूरदूर पांगलेली वस्ती. एफएममध्ये शेजारच्या दोन मनोऱ्यांना एकच फ्रिक्वेन्सी दिली तर आवाज एकमेकांत मिसळून बिघडतो. म्हणून एकाच वाहिनीला गावोगाव नवी फ्रिक्वेन्सी शोधावी लागते. डॅब या डिजिटल पद्धतीत सगळे मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतात. डोंगरावर आपटून जराशी उशिरा आलेली लहरही तिथे कामी येते. शिवाय एकाच प्रक्षेपणात अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवता येतात. एफएमवर राष्ट्रीय वाहिन्या होत्या ५, डॅबवर झाल्या २२. आणि एक वाहिनी एफएमवरून पोचवायला डॅबच्या आठपट खर्च येतो, असं सरकारचं गणित होतं.

गणित पटण्याजोगं होतं. पण त्यात श्रोत्याच्या खर्चाचा रकाना कुठे होता? लाखो मोटारींत जुनाच रेडिओ होता. एफएम बंद होण्याच्या महिनाभर आधी झालेल्या एका जनमत चाचणीत ६६ टक्के लोकांनी या निर्णयाला विरोध नोंदवला. ती कुरकुर नव्हती. घरात व्यवस्थित चालणारी वस्तू एका सकाळी मुकी होणार होती.

खरं तर हा अनुभव जुनाच. डॅबचं संशोधन युरोपात १९८७मध्ये ‘युरेका १४७’ या प्रकल्पातून सुरू झालं. १ जून १९९५ रोजी नॉर्वेच्याच एनआरके या सरकारी प्रसारण संस्थेने जगातली पहिली डॅब वाहिनी सुरू केली, सप्टेंबरात बीबीसी आली. प्रक्षेपण सुरू, आणि ऐकायला संचच नाहीत! जे होते ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. ब्रिटनमध्ये चित्र पालटलं ते २००२ साली, १०० पौंडांच्या आतला संच दुकानात आला तेव्हा. पुढे २०१८च्या सुरुवातीला तिथे रेडिओ ऐकण्याचा निम्म्याहून अधिक वेळ डिजिटल झाला; त्यात इंटरनेट आणि टीव्हीवरून ऐकणारेही आले. तरीही ब्रिटनने एफएम चालूच ठेवलं. मला हे शहाणपणाचं वाटतं.

(दृश्य : एकाच टेबलावर दोन संच, दोन्हींवर बीबीसी)

हे दोन संच नीट ऐका. तासाला बीबीसीवर वेळेचे सहा ठोके पडतात. एफएमवर ते पडून जातात, आणि डॅबवर जरा उशिरा येतात, कारण आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायला वेळ लागतो. आता दोन्ही संच घराच्या आतल्या खोलीत नेऊ. एफएम खरखरतो, पण बातमी कळते. डॅबचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग पाण्याखालून बोलल्यासारखा बुडबुडतो आणि गप्प होतो. वादळात, पुरात एखादंच वाक्य कानावर पडायला हवं असतं. तेव्हा ती खरखरही मोलाची.

इतर देशांच्या वाटा निराळ्या. कॅनडाने डॅबसाठी एल-बँड हा बराच वरचा पट्टा निवडला; त्या लहरी भिंतींपुढे अडतात. शेजारच्या अमेरिकेने २००२मध्ये एचडी रेडिओ या वेगळ्या डिजिटल पद्धतीला मान्यता दिली. त्यात त्याच केंद्राच्या, त्याच फ्रिक्वेन्सीच्या जागी, जुन्या प्रक्षेपणाच्या सोबतीने डिजिटल चालतं, त्यामुळे जुना संच बाद होत नाही. कॅनडाचं डॅब मग एकटं पडलं आणि गुंडाळलं गेलं. आयर्लंडच्या सरकारी प्रसारण संस्थेनेही ३१ मार्च २०२१ रोजी डॅब बंद केलं.

युरोपीय संघाने मात्र मुळावर बोट ठेवलं. डिसेंबर २०२०पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारीत रेडिओ असेल तर तो डिजिटलही हवाच. आधी संच, मग बाकीचं. संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडमध्ये एसआरजी या सरकारी प्रसारण संस्थेने ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफएम सोडलं, खासगी केंद्रं मात्र एफएमवरच राहिली. एसआरजीचे श्रोते लक्षणीय घटले.

(दृश्य : मध्यमलहरींचा उंच मनोरा, संध्याकाळ)

भारताने मध्यमलहरींसाठी डीआरएम ही डिजिटल पद्धत घेतली. एका मनोऱ्याचा पल्ला मोठा आणि वीज कमी लागते, म्हणून एवढ्या विस्ताराच्या देशाला ती साजेशी. आकाशवाणीने ३५च्या आसपास प्रक्षेपक या पद्धतीसाठी सज्ज केले. काही नव्या मोटारींत ते ऐकू येतं. घराघरांतल्या फळीवरच्या ट्रान्झिस्टरला मात्र त्या डिजिटल लहरींतून नुसती घरघर ऐकू येते.